शाई गोठली होती

“आमची घरं कुठायत गं?”

आजी भिंगातून बघत होत्या. टेबलावर उत्तरेच्या टोकाचा शंभरेक वर्षांपूर्वीचा किनारा पसरला होता. हाताने काढलेला. कडे, खाड्या, डोंगरांच्या उंचीच्या रेषा, सगळं शाईत. नकाशे दुरुस्त करणारी बाई शेजारी उभी होती, जरा ऐटीतच. महिनाभर राबून तिने तो लख्ख केला होता.

“त्या खाडीपाशी वस्ती दाखवलेली नाही, आजी.”

“नीट बघ. गाव समुद्राने गिळलं, पण इथे असणार. मोजणीवाला वादळात अडकला, तेव्हा आमच्याच घरी राहिला होता. वडील सांगायचे, ‘त्याने माझ्यादेखत सगळी घरं नकाशावर घेतली.’ आई म्हणायची, झालं यांचं सुरू! अख्खं गाव त्यांना थापाड्या म्हणायचं.” आजी हसल्या. “मीसुद्धा.”

बाईने मान हलवली. ऐकल्यासारखं करायचं, झालं.

“थंडी अशी, की दौतीत शाई गोठली. मग बिचाऱ्याने पेन्सिलीने टिंबं काढली. नंतर गिरवतो म्हणाला.”

पेन्सिलीने.

इथे थोडं मागे जायला हवं. फार नाही, परवापर्यंत. खाडीच्या काठाला पुसट टिंबांचा पुंजका. नकाशे दुरुस्त करणाऱ्यांच्या कामात शिस्त एकच: शाई नकाशाची, पेन्सिल येणाऱ्या-जाणाऱ्यांची. कुणीतरी चाळा केलेला दिसतोय, असं पुटपुटत तिने मऊ खोडरबर फिरवला होता. आधी काढलेल्या फोटोत टिंबं उमटलीच नव्हती. कागदावर व्रणसुद्धा उरला नव्हता. हात सफाईदार होता तिचा.

आजींनी भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे आईचंच खरं. मरेपर्यंत शपथेवर सांगत होता गं माझा बाप.”

गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कळणार होतं?

“आजी, होती घरं. टिंबं होती. मला वाटलं, घाण आहे. मीच पुसली.”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन थोपटला.

“गुणाची आहेस गं. माझा बापही असाच होता. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगायचा.”