दुसरं वल्हं

मावशी एका हौशी मासिकासाठी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. त्या दुपारी नाव वल्हवायचा एक नवा गेम तिला भलताच आवडला. तिनं लगेच संपादक भाचीला फोन लावला.

“अगं, पुढे बसलेली ती बाई काय सुरेख वल्हवते! माझं चुकलं की लगेच सावरून घेते. अशी सोबत असली की कसं बरं वाटतं बघ.”

भाची गोंधळली. “मावशी, त्या नावेत आपण एकटेच असतो. दुसरं कुणी नाहीच.”

“काहीतरीच तुझं!” मावशी हसली.

तेवढ्यात पडद्यावरच्या बाईनं वल्हं खाली ठेवलं, सावकाश मागे वळून पाहिलं आणि ती उठली. पुढची जागा रिकामी झाली.

सोफ्यावर मावशीच्या शेजारची गादी हळूच दबली.

मावशीनं जरा सरकून तिला ऐसपैस बसू दिलं.