शिलाईवाल्या मावशींचं रक्त

रक्त द्यायला प्रयोगशाळेत आल्या की शिलाईवाल्या मावशी आधी बजावायच्या, "हातमोजे घाला हो डॉक्टर, घाण रक्त आहे माझं." नवऱ्याकडून एचआयव्ही वाट्याला आल्यापासून घरातही त्यांनी स्वतःचा पेला वेगळा ठेवला होता. आज डॉक्टरीणबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. भिंगाखाली विषाणूची लागण झालेली पेशी फुगून बसली होती. रोगाशी लढणाऱ्या चिमुकल्या टी-पेशी तिच्यावर तुटून पडल्या आणि बघता बघता तिचा चोथा झाला. "अगंबाई! कुणाच्या हो या?" "तुमच्याच, मावशी. औषधाशिवाय विषाणूला डोकं वर काढू देत नाहीत. असं क्वचितच कुणाला लाभतं." मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या चिमुकल्या पोरी दुसऱ्या पेशीकडे निघाल्याही होत्या. मावशींनी बाही वर सारली. "हातमोजे घालू ना?" डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं. "घाला की. पण सुई हळू टोचा. माझ्या पोरी कामात आहेत."