स्वभावाचे दोन कागद

करिअर निवडायला आलेल्या मुलांची स्वभावचाचणी घेण्यात माझी अठरा वर्षं गेली, पण एकाच मुलीने दोन उत्तरपत्रिका भरून द्याव्यात, हे पहिल्यांदाच घडत होतं. एका कागदावरची मुलगी अबोल, भिडस्त, ग्रंथपाल म्हणून शोभेल अशी. दुसऱ्यावरची बडबडी, कुणाच्या बापाला न घाबरणारी, थेट वकिलीला पाठवावी अशी. माझी मतीच गुंग झाली.

"अगं, यातली खरी कुठली?"

"दोन्ही खऱ्या, मॅडम. ही बाबा घरी असतानाची आणि ही बाबा बोटीवर असतानाची. सहा महिने अशी, सहा महिने तशी."

असल्या मुलीला कुठली वाट दाखवायची, ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं. मी शेजारी बसलेल्या तिच्या आईकडे पाहिलं. "आता तुम्हीच सांगा, कुठला कागद धरू?"

आईने दोन्ही कागद सावकाश वाचले आणि अबोल मुलीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे येत्या महिन्यात रिटायर होतायत," त्या म्हणाल्या, आणि दुसरा कागद नीट घडी घालून त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.