चोक नसलेली फियाट

"वहिनी, कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवतो मी. पण मग तात्यांना चहा कसा पाजणार तुमी?" बारामतीच्या गॅरेजात सोमनाथ मिस्त्रीनं फियाटच्या बॉनेटमधून डोकं वर न काढताच विचारलं होतं. "काम केल्याबिगर ते कुणाच्या घरचं पाणीबी घेत न्हाईत."

"चहाला काय कारण लागतं का?" म्हणून प्रतिक्षानं ते हसण्यावारी नेलं.

तिच्या डोळ्यांसमोर वेगळीच संध्याकाळ होती. मल्हार तापानं फणफणलेला, नवरा चाकणला कंपनीत, समोरचे तात्या बाजाराला गेलेले. आणि ती एकटी सासऱ्यांच्या फियाटचा, थंड इंजिन उठवायचा चोक ओढून ॲक्सिलरेटर मारत बसलेली. हवेत पेट्रोल मिसळणारा तो कार्बोरेटर पेट्रोलनं गच्च भरला आणि गाडी काही उठली नाही. शेवटी कुणाच्या तरी टेम्पोतून पोराला दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं होतं, कार्बोरेटर काढून टाकायचा.

गाडी घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कळंबात प्रतिक्षाच्या गल्लीत धुकं होतं. समोरच्या खोलीतून ज्ञानदेवतात्या नेहमीच्या वेळेला बाहेर पडले, खांद्यावर फडकं टाकून. पूर्वी कारखान्यावर ड्रायव्हर होते. बायको गेल्यापासून एकटेच. प्रतिक्षाचे सासरे वारल्यावर रोज सकाळी येऊन फियाट चालू करायची, तापू द्यायची, काच पुसायची आणि मग पायरीवर बसून चहा-चपाती खायची, असा त्यांचा शिरस्ताच पडला होता. चहा हा त्यांच्या हिशेबी मेहनताना होता. पोटभर घ्यायचे.

"बघू तरी काय केलंय त्या सोम्यानं," म्हणत ते स्टेअरिंगपाशी बसले. हात सवयीनं चोकच्या मुठीवर गेला. त्यांनी ओढली तशी ती अलगद बाहेर आली. पलीकडं काही जोडलेलं नव्हतंच.

"ती नुसती ठेवलीय, तात्या. तुम्ही फक्त चावी फिरवा."

चावी फिरली आणि गाडी एका दमात चालू झाली. ना धक्का, ना खोकला. तात्या मान तिरकी करून ऐकत राहिले.

"हवा किती, पेट्रोल किती, ते कोण बघतं आता?"

"कॉम्प्युटर. ती पायाशी काळी पेटी आहे ना, ती."

"थंडीतबी?"

"थंडीतपण."

"शानी हाय," तात्या म्हणाले. चोकची मूठ त्यांनी अंगठ्यानं हळूच आत सारली आणि गाडी बंद केली.

प्रतिक्षा चहा-चपाती घेऊन आली, तेव्हा ते पायरीवर टेकलेही नव्हते.

"सूनबाई, हे कशापायी?"

"अहो, चावी तुम्हीच फिरवली की."

"चावी तर मल्हारबी फिरवील." ते हसले. "माझा चहा झालाय मघाशी."

तात्यांचा स्टोव्ह पेटला की त्याची घरघर गल्लीभर ऐकू येते. प्रतिक्षा पहाटेपासून जागी होती आणि घरघर काही झाली नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? ती माया म्हणून बोलून गेली, "आता उद्यापासनं निवांत झोपा, तात्या. बास झालं आमच्यासाठी उठणं."

"व्हय," तात्या म्हणाले. फडक्याची घडी घातली आणि गल्ली ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. प्रतिक्षाचा चहा कपातच निवायचा. दिवसभरात तिच्याशी बोलणारं मोठं माणूस तेवढं एकच होतं, हे तिला तेव्हा कळलं. तापातल्या पोराचा श्वास बघावा तशी ती समोरच्या दाराकडं बघत राहायची. एकदा डबा नेला. "जेवलो की," तात्या म्हणाले. त्यांच्यामागं स्टोव्हजवळ तवा पालथा होता, कोरडा ठणठणीत.

मग ती वायर तुटलेला मिक्सर घेऊन गेली. तात्यांनी वायरचं टोक बघितलं, मग तिच्याकडं बघितलं.

"दातानं तोडलीस का काय गं?"

तिनं मिक्सर पुढं सारला. त्यांनी वायर जोडली. वर टेप गुंडाळली. "चला, आता चहा घ्यायला," ती म्हणाली.

"मोडलेलं दुरुस्त केलं तर चहा. मोडून आणलेल्याचा न्हाय. शिकलेली हायेस तू," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

तेव्हापासून तिनं हाक मारली, की आतून नुसतं "बरा हाय" येतं. रोज थोडं आणखी खालच्या आवाजात.

म्हणून तिचं आता तुमच्याकडं मागणं आहे. तिची चाल तात्यांनी ओळखली, तुम्हाला ते ओळखत नाहीत. वालचंदनगरकडं जाताना कधी कळंबात वळलात, तर जुनी फियाट उभी दिसेल. त्या फियाटच्या समोर तात्यांचं दार आहे, त्यापुढं तुमची गाडी बंद करा, बॉनेट उघडा आणि नुसते उभे राहा. हाक मारू नका. तात्या आले, तर चहाचं नाव लगेच काढू नका. आधी त्यांचे हात काळे होऊ द्या.

आणि बराच वेळ झाला, तरी कुणी बाहेर आलंच नाही, तर प्रतिक्षाला हाक मारा. ती समोर खिडकीतच असेल.