पायाळूची लाथ

मैलूरच्या शिवकुमार अण्णानं माळावर गोल्फचं मैदान काढलं, आन् पहिल्याच दिवशी फाटकापाशी बसलेल्या नागूबाईची सीताफळाची टोपली बुटानं उडवली. चार पाहुणे खो खो हसले. नागूबाईनं फुटलेली फळं तेवढी पदरात येचून घेतली.

आठ दिवसांनी मैदानावर सामना व्हता. शिकवणारे सर घसा फोडून सांगायलेत, "अण्णा, आधी कंबर वळवा, हातपाय ताणा, अंग गरम होऊ द्या." "मी काय म्हातारा व्हय?" म्हणत अण्णानं काठी अशी फिरवली की चेंडू जागेवरच ऱ्हायला आन् कमरेत उसण भरली. माणूस विळ्यावानी वाकला तो वाकलाच.

"पायाकडनं जन्मलेल्या माणसाची लाथ बसल्याबिगर उसण जात न्हाई," एक पाहुणा म्हणाला.

"मी हाव की पायाळू," फाटकातून नागूबाई बोलली.

"मार अक्का, लवकर मार!" अण्णा कण्हला.

तिनं पदर खोचला आन् सगळ्यांदेखत अशा पाच लाथा हाणल्या की बिदरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली. वर बजावलं, "सात दिवस घ्यावं लागतंय. उद्या बी असंच वाकून ऱ्हावा."

घरी थोरली बहीण रेणुका डोळे वटारून म्हणाली, "कामून खोटं बोललीस गं? पायाकडनं तर मी जन्मले!"



"व्हय अक्का. पर टोपली माझी व्हती."