खलबत्त्याची नोंद

“खलबत्ता ही एक वस्तू की दोन?” अध्यक्षांनी पितळी खलबत्ता टेबलावर आपटला. “आज हे मिटलंच पाहिजे.”

नऊ संग्रहालयांनी वस्तूंची एकच सामाईक यादी करायची, म्हणून आमची समिती दोन वर्षं दर महिन्याला पुण्यात भरत होती. एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या बैठकीत जायचा. बाकी सगळी यादी ठरली होती. खलबत्ता तेवढा माझ्यामुळे पाच महिने अडला होता. सावंतवाडीचे सबनीस म्हणायचे, दोन्ही मिळून एकच नोंद हवी. मी म्हणायचे, दोन.

खरं तर मला काहीही चाललं असतं. पण यादी संपली की समिती संपणार, मग मी अकोल्यात आणि सबनीस तिकडे. चहाबरोबर ते माझ्यासाठी आणायचे ते मालवणी खाजं आणि “बाई, तुम्ही भारी हट्टी!” म्हणून त्यांचं ते हसणं, सगळंच संपणार.

त्या दिवशी मात्र अध्यक्षांनी हातच जोडले. माझी मलाच लाज वाटली.

“एकच नोंद करा,” मी म्हणाले. “माझी हरकत नाही.”

अध्यक्षांनी सुस्कारा सोडून पेन उघडलं. सबनीस जिंकले होते, तरी मान खाली घालून बत्ता खलात उगाच फिरवत बसले होते. मग त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

“माझी हरकत आहे,” ते म्हणाले. “मला आता बाईंचं पटायला लागलंय. पुढच्या महिन्यात बोलू.”