तिनेकेचं खरबूज

सकाळी नऊला हार्मने शिवणकामाची टेप खरबुजाभोवती फिरवली. एकेचाळीस सेंटिमीटर. काल एकेचाळीस, परवाही एकेचाळीस.

त्याने शेजारणीला फोन लावला. तिनेकेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि चालण्याच्या सरावासाठी तिला तीन आठवडे हॉस्पिटलातच ठेवून घेतलं होतं.

"वाढतंय का?" तिने विचारलं.

"वाढतंय," हार्म खोटं बोलला.

"खत आणायला गेला होतास?"

"गेलो होतो. रोपवाटिकेतल्या बाईने अर्धा तास डोकं खाल्लं."

"बरं झालं. संध्याकाळी पुन्हा बघ आणि मला कळव."

फेब्रुवारीत बायको गेल्यापासून हार्मने घराचे पडदे सरकवले नव्हते. पावसुद्धा घरपोच यायचा. अडतीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडण्या-मिटण्याची नोकरी केलेला माणूस, पण आता खिडकीतून कालव्याकडेही बघत नव्हता. ऑपरेशनला जाताना तिनेकेने आपल्या घराची किल्ली हातात कोंबली तेव्हा तो नाहीच म्हणाला होता.

"ग्रोनिंगेनच्या या गार वाऱ्यात, बादलीत खरबूज? त्यापेक्षा नारळ लाव."

"टोमणे नंतर मार. पाच बादल्यांत मिळून एकच फळ धरलंय. दिवसातून दोनदा पाणी घाल. वजन पेलावं म्हणून जुन्या मोज्यात घालून कठड्याला टांगलंय. तो मोजा सोडू नकोस."

आता त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो दुपारी तीनदा उठून तिच्या बाल्कनीत जायचा. मातीत बोट खुपसायचा, बादल्या उन्हाकडे सरकवायचा. रोपवाटिकेतल्या बाईला विचारून झालं. कालव्याकाठी वाफे करणाऱ्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. ते चार तोंडांनी चार गोष्टी सांगायचे आणि वर कॉफी पाजायचे. टेप मात्र एकेचाळीसवरून हलत नव्हती.

नवव्या दिवशी आंबूस वास आला. हार्मने मोजा उचलला तर बोटं फळात रुतली. देठापाशी सगळं सडलं होतं.

तो तिथेच खाली बसला. पाणी जास्त झालं, दुसरं काय. बायकोच्या आजारपणातही असंच काहीतरी आपल्या नजरेतून सुटलं, असं त्याला सारखं वाटायचं. त्या संध्याकाळी त्याने फोन केला नाही. तिनेकेचाच आला.

"ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने चार दुकानं पालथी घातली. शेवटी तसंच, तेवढंच खरबूज मिळालं. मोज्यात घालून त्याने ते पानांआड बांधलं आणि उरलेले दिवस तळमळत काढले.

तिनेके काठी टेकत घरी आली. तिने फळ उतरवलं, चिरलं, दोन बशा मांडल्या.

"साखर आहे नुसती," ती म्हणाली. "खा ना."

हार्मने काटा खाली ठेवला.

"तिनेके, हे तुझं नाही. तुझं माझ्या हातून सडलं. हे मी विकत आणलंय."

ती रागावलेली दिसत नव्हती.

"कुठून आणलंस?"

"पुलापलीकडच्या तुर्की दुकानातून."

तिनेकेने दुसरी फोड उचलली.

"ते पहिलंही मी तिथूनच आणलं होतं," ती म्हणाली.